परबकाकांची चवदार जाळी

आमच्या बिल्डिंगमधले परबकाका दोरी खातात.

म्हणजे पोट भरायला नाही हो. चव बघायला. मिठाईचा पुडा समोर ठेवला तर तुम्ही-आम्ही पेढा उचलू, काका पुड्याची सुतळी उचलतात. टोक दाढेखाली धरतात, डोळे मिटतात आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे गप्प बसतात. मग निकाल लागतो. "ताग आसा. पण जुनो." नाहीतर, "शिरा पडो! नायलॉन!" नायलॉन निघालं की दोरी थुंकून टाकतात आणि पेढ्यालाही हात लावत नाहीत. मेहतांच्या मुलीच्या लग्नात काकांनी मांडवाची झालर चावली आणि भर पंगतीत वधूपित्याला सांगितलं, "शेठ, फसवलो तुमका मांडववाल्यान. सगळा पॉलिस्टर." मेहता तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. काकांना ते अजून कळलेलं नाही.

मी ह्या बिल्डिंगची सेक्रेटरी. जोगेश्वरीत, टेकडीच्या उतारावर आमची सोसायटी. सेक्रेटरी म्हणजे काय, तर पाणी आलं नाही तरी शिव्या मला आणि जास्त आलं तरी मला. त्यात काका चौथ्या मजल्यावर. माझं नशीबच थोर!

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका अंधेरीला एका कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. मागच्या वर्षी काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सुरुवातीला आम्ही सगळे जाऊन भेटून आलो, मग जो तो आपापल्या कामाला लागला. लिफ्टमध्ये विचारलं, "काकू कशा आहेत?" तर काका म्हणायचे, "आसा," आणि लगेच म्हशींवर यायचे.

हो, म्हशी. आमच्या वरच्या अंगाला दुबेजींचा तबेला आहे, काका रोज तिथून दूध आणतात. हल्ली म्हशींचा पेंढा मशीनने दाबून, गोल गठ्ठे करून येतो. गठ्ठ्याभोवती हिरवी प्लॅस्टिकची जाळी. जाळी कापताना तुकडे पेंढ्यात राहतात, म्हैस बिचारी पेंढ्याबरोबर तेही गिळते, ते पोटात साठतं आणि एक दिवस म्हैस आडवी होते. हे सगळं बरोबरच आहे, कोण नाही म्हणतंय? पण काका हे लिफ्टमध्ये सांगतात. आमची लिफ्ट हळू. बिल्डिंगमधल्या पोरांना पाढे येत नाहीत, पण म्हशीच्या पोटाला किती कप्पे असतात ते पाठ आहे.

तर काकांनी ठरवलं, प्लॅस्टिकच्या जागी आपण जाळी करायची. झाडापाल्याच्या दोरीची. अट एकच: म्हशीने खाल्ली तर तिला पचली पाहिजे, आणि नुसती पचून उपयोग नाही, आवडली पाहिजे. "माणूस बेचव खाता," काका म्हणायचे, "म्हस कित्याक खाईत?"

आधी काथ्या झाला. अख्ख्या बिल्डिंगकडून नारळाची सोडणं गोळा केली, गॅलरीत बसून कुटली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं वर मसाले कुटतात, त्या बिचाऱ्या वास यायची वाट बघत बसल्या. काथ्याची जाळी म्हशीने तोंडात घेतली आणि दुबेजींच्या अंगावर थुंकली. मग घायपात झालं, ते कुंपणाला लावतात ते काटेरी पानांचं. ते कुटताना काकांच्या अंगाला अशी खाज सुटली की ते लिफ्टमध्ये भिंतीला पाठ घासत वर-खाली करत होते. मग केळ. आता केळीचे खांब मुंबईत कुठे मिळतात? सत्यनारायणात! काका प्रत्येक पूजेला हजर राहू लागले. आरती चालू असताना लोक टाळ्या वाजवायचे, काका खांबाचं सोपट नखाने सोलून चावायचे. जोश्यांकडे तर प्रसाद वाटायच्या आत चौरंगाचे दोन खांब गायब. भटजी म्हणाले, "अहो, अजून उत्तरपूजा व्हायचीय!" काका जिन्यातून ओरडले, "तुमी चालू ठेवा!"

शेवटी अंबाडी ठरली. तीच ती, जिच्या पाल्याची आपण भाजी करतो. गावाहून भावाने बसच्या टपावरून अंबाडीच्या काठ्यांचे भारे पाठवले. आता अंबाडीचं असं असतं की काठ्या पाण्यात कुजवाव्या लागतात, तेव्हा सालीचा वाख, म्हणजे दोरीचा धागा, सुटतो. गावात त्याला ओहोळ असतो. काकांनी ओहोळ शोधला आणि त्यांना सापडली पंपरूमच्या मागची आमची जुनी, बंद पडलेली टाकी.

मला विचारलं? छे! सेक्रेटरीला कोण विचारतं!

काही दिवसांनी असा वास सुटला म्हणता, की विचारू नका. ग्रुपवर मेसेजचा पाऊस. कोणी म्हणे गॅस लीक, कोणी म्हणे उंदीर मेलाय, मेहता म्हणे "सेक्रेटरी झोपल्यात का?" मी नाकाला ओढणी बांधून वॉचमनला घेऊन टाकीपाशी गेले. त्याने झाकण उघडलं, काठी आत घातली, वर ओढली, आणि काठीबरोबर आली लांबसडक, ओली, चिकट जट. वॉचमन जो ओरडला! "मॅडम, औरत का बाल है! लाश है अंदर!" मी पोलिसांना फोन केला.

पोलीस आले. अख्खी बिल्डिंग खाली. हवालदार जट हातात धरून वाकून बघतोय, बायका एकमेकींना धरून उभ्या, आणि लिफ्टचं दार उघडून काका बाहेर आले. जट बघितली आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू नातवंड झालं. "झाली! अरे झाली! काय वाख सुटलो हा बघ!" हवालदाराच्या हातातून जट घेतली, नळाखाली धुतली, चावली. मग पाणी निथळतं टोक त्यांनी हवालदारापुढे धरलं. "साहेब, चव बघा. जराशी आंबट लागता, पण मागसून गोड."

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मी कुठे बघू?

त्या रविवारी मिटिंग झाली. मेहता उभे राहिले. हे बंद करा, नाहीतर मी वर तक्रार करतो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. काका इतर वेळी भांडले असते, त्या दिवशी हात जोडून उभे राहिले. म्हणाले, दुबेजी एकदा जाळी लावून बघायला तयार झालेत. त्यांना पटलं तर कुजवायचं काम तबेल्यातच करीन. नाही पटलं तर दोरीला हात लावणार नाही. "एकदाच बघा. माझा काम थांबवू नका." मी मनात म्हटलं, एवढं काय त्या जाळीत! पण एक संधी दिली.

झालं! ठरल्या दिवशी काकांच्या जाळ्यांत बांधलेले गठ्ठे, पेंढा जिथून येतो त्या वाडा तालुक्यातून टेम्पोने निघाले. वाटेतले खड्डे तुम्हाला माहीत आहेत. जाळ्या सुटल्या तर रस्ताभर पेंढा आणि काकांची वाट लागली. आम्ही निम्मी बिल्डिंग तबेल्यात उभी. टेम्पो आला. एकही गठ्ठा सुटला नव्हता! एक गाठ ढिली नव्हती. मेहतांच्या तोंडून सुद्धा "अरे वा" निघून गेलं.

गठ्ठे जाळ्यांसकट म्हशींपुढे लोटले. म्हशींनी वास घेतला आणि जाळ्या खाल्ल्या. फक्त जाळ्या. पेंढ्याला तोंड लावलं नाही. एका जाळीची दोन टोकं दोन म्हशींनी धरली आणि अशी रस्सीखेच चालली की एकीने खुंटा उपटला. ज्यांना जाळी मिळाली नाही त्या हंबरायला लागल्या. दुबेजींनी कपाळावर हात मारला. "काकाजी, माफ करो. ये जाली के चक्कर में घास कोई नहीं खा रहा. दूध जाली से निकलेगा क्या? प्लॅस्टिकवाली तो गठ्ठे के साथ फुकट आती है."

निकाल लागला होता. मला वाटलं काका खचतील. तर काका म्हशींच्या तोंडाकडे बघत राहिले, मान हलवली, आणि दूध घेऊन घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौथ्या मजल्यावर गेले. मिटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे सामान उचला, हे सांगायला. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थांबले.

खिडकीच्या ग्रिलला नवी जाळी टांगलेली होती. समोर खुर्चीत काकू. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हाताने त्या गाठ मारत होत्या. सावकाश, ओठ दाबून. काका खाली बसून दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात ताणून धरत होते. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. काकूंनी गाठ आवळली तेव्हा ते उठून माझ्याजवळ दारात आले.

"सगळ्या गाठी हिच्याच," हळूच म्हणाले. "डॉक्टरान सांगितल्यान, बोटां चालती ठेवा. दाबूक चेंडू दिल्यान. तो चेंडू हिना माका फेकून मारल्यान. म्हणजे खोटा काम नको हिका. माहेरी जाळी विणायची ती. माशाचा जाळा दिलंय, पण तेची भोकां बारीक, बोट जाय ना. रडली गो. मग दुबेच्या तबेल्यात पेंढ्याची जाळी बघलंय. एवढी मोठी भोकां! म्हटलंय, ह्या जमतला."

"मग प्लॅस्टिकची दोरी आणायची ना काका! एवढा उपद्व्याप कशाला?"

"प्लॅस्टिकचा जाळा टिकता," काका म्हणाले. "एक केला की काम सरला. म्हशीन खाल्ल्यान, तर दुसऱ्या दिवशी नवा करूक लागता."

काकांनी मागे वळून बघितलं. "काल सांगितलंय हिका, सगळी खाल्ल्यानी, दुबेजी आणखी मागतत. रात्री नीट झोपली. आता तू काय सांगूक इलंस ता माका म्हायत आसा. पण तिच्यासमोर नको. मी सांगतंय सावकाश."

मी खाली उतरले आणि तडक तबेल्यात गेले. दुबेजी धार काढत होते. मी म्हटलं, "दुबेजी, आमची अख्खी बिल्डिंग तुमचं दूध घेते. उद्यापासून पिशवीचं चालू करू का?" ते दचकले. मी म्हटलं, रोज एक जाळी घ्यायची. गठ्ठ्याला बांधा, नाहीतर जेवणानंतर पान देतात तशी म्हशीला द्या, मला देणंघेणं नाही. आणि मागच्या हौदात अंबाडी कुजेल, वासाचं तुम्ही बघा. ते म्हणाले, "तबेले में बास का क्या डर, मॅडम? बैठो, चाय पियो." मग मी त्यांना काकूंचं सांगितलं. दुबेजींनी बादली बाजूला ठेवली आणि गमछ्याने हात पुसले. "एक नहीं," म्हणाले, "जितना बने उतना भेजो."

मी धावतच वर आले. काकूंसमोर उभी राहून मोठ्याने सांगितलं, "काकू, दुबेजींनी ऑर्डर दिलीय. रोजची! म्हशी वाट बघतायत." काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मीही खोटंच बोलतेय. मी म्हटलं, "खरंच काका. शपथ." तेव्हा ते भिंतीला टेकून मटकन खाली बसले.

काकूंनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं, शेजारच्या स्टुलाकडे बोट केलं आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. मी शाळेत क्राफ्टला पहिली येत असे. म्हटलं त्यात काय, आणि एक गाठ मारली. काकूंनी ती ओढून बघितली. गाठ सुटली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझी सासू आठवली. मग त्यांचं तोंड हललं, एकदा, दोनदा, गळ्याची शीर ताणली, आणि वर्षभर ज्या घरात त्यांचा शब्द फुटला नव्हता तिथे स्पष्ट ऐकू आलं, "ढिली."

काका ताडकन उठले. "काय? काय म्हणालीस गो?"

त्यांच्याकडे काकूंनी बघितलंसुद्धा नाही. दोरी पुन्हा माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "परत."