दसऱ्याचा नीलकंठ, मुक्काम अल गराफा

सासरे येणार नाहीत असं कळल्यावर शहाणा जावई 'अरेरे!' म्हणतो आणि गप्प बसतो. मीही 'अरेरे' म्हणालो. चेहरासुद्धा बऱ्यापैकी पाडला. तिथेच थांबायचं होतं. पण पुण्यात जन्मलेल्या माणसाला समोरच्याचं चुकीचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय अन्न पचत नाही, आणि नेमके त्याच वेळी सासरे फोनच्या पडद्यावरून म्हणाले, "तुमच्या त्या वाळवंटात नीलकंठ थोडीच दिसते, जावईबापू!"

"दिसतो की! आमच्या परसात रोज येतो."

हे मी का बोललो? उत्तर माझ्याकडे आजही नाही. (माझ्या बायकोकडे, ज्ञानदाकडे आहे, पण ते छापण्यासारखं नाही.)

आधी सासऱ्यांविषयी. श्यामराव, आर्वीचे निवृत्त पोस्टमास्तर. मी त्यांना मामाजी म्हणतो, कारण त्यांच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. दसऱ्याच्या सकाळी नीलकंठ पक्षी पाहिल्याशिवाय त्यांनी गेली एक्कावन्न वर्षं चहाचा घोटही घेतलेला नाही. निळ्या पंखांचा, कबुतराएवढा, तारेवर बसणारा हा पक्षी दसऱ्याला दिसला की वर्ष चांगलं जातं, असं त्यांच्या बाजूला मानतात. आमच्याकडे पुण्यात दसऱ्याला श्रीखंड दिसलं तरी वर्ष चांगलं जातं, पण ते असो.

गेल्या माघात सासूबाई गेल्या आणि मामाजी आर्वीला एकटे पडले. एक वेळ खिचडी टाकायची आणि तीच रात्री गरम करून खायची, असं चाललं होतं. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या सदऱ्याची कॉलर दर आठवड्याला मोठी होत होती, म्हणजे मान बारीक होत होती. हिवाळाभर त्यांना इथे दोह्याला आणायचं, चार महिने नीट जेवू घालायचं, एवढाच ज्ञानदाचा हट्ट होता. फोन ठेवला की ती किचनमध्ये जाऊन सिंकचा नळ सोडायची आणि रडायची. नळ कशासाठी सोडते ते मला कळायचं, आणि मला ते अजिबात सहन व्हायचं नाही.

"रोज येतो म्हणता?" मामाजींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "मग येतो जी. पण आत्ताच सांगून ठेवतो. दसऱ्याला दिसला तर राहीन. नाही दिसला तर दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवून द्यायचं."

फोन बंद झाल्यावर ज्ञानदा माझ्याकडे वळली. रागावली की तिची आर्वी बाहेर येते.

"काय फेकून राहिला तू? परसात तू शेवटचा कधी गेलता?"

प्रश्न रास्त होता. आमचं परस म्हणजे दोह्याच्या अल गराफा भागातल्या व्हिलाच्या मागची दहा बाय बारा फुटांची फरशी. तिथे एसीचे तीन डबे, पाण्याची टाकी आणि आमच्या लेकीची, ईश्वरीची चाक गेलेली सायकल. पण मी अगदीच हवेत बोललो नव्हतो. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर संजीवने मागे नीलकंठाचा फोटो टाकला होता, खाली 'अल गराफा, सकाळी ६.१०' असं लिहून.

संजीव ऑइल अँड गॅसमध्ये आहे, पण ते फक्त पगारापुरतं. खरा धंदा पक्षी. गीझरच्या पाइपाएवढी लेन्स गळ्यात अडकवून तो आला, परस पाहिलं, एक बोट ओलं करून वारा पाहिला.

"लोकेशन एक्सलंट आहे," तो म्हणाला. "कमालीची शांतता. पंधरा मिनिटं उभा आहे, एक चिमणीसुद्धा डिस्टर्ब करत नाहीये."

पक्षी बोलवायच्या जागी एकही पक्षी नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी एका तज्ज्ञाने माझ्यासमोर मांडली आणि आम्ही दोघांनी ती गुण म्हणून स्वीकारली. शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

संजीवने यादी दिली. बसायला उंच काठी, प्यायला उथळ पाणी, खायला जिवंत अळ्या. काठी म्हणून मी पडद्याचा रॉड काढला. पाण्यासाठी परात घेतली. (ज्ञानदा: "पुरणाची परात?" मी: "तात्पुरती.") अळ्या मात्र विकत आणाव्या लागल्या. माझ्या आईने उभ्या आयुष्यात तांदळातल्या अळ्या निवडून फेकल्या आणि तिचा इंजिनिअर मुलगा पेट शॉपच्या लाइनीत उभं राहून ताज्या आहेत ना, असं विचारून अळ्या घेत होता. त्या कोंड्यात भरलेल्या डब्यात येतात आणि गार ठेवाव्या लागतात. म्हणून मी तो डबा फ्रीजमध्ये, साबुदाण्याच्या मागे सारला.

नवरात्राच्या चौथ्या माळेला मामाजी उतरले. विमानतळावर पहिलं वाक्य, "काऊन जी, पक्षी बरा आहे ना?"

"मजेत आहे," मी म्हणालो. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर मामाजी खुशीत. "जावईबापू, तुमच्या रव्याला अळ्या पडल्या होत्या. भल्या मोठ्या! सगळ्या निवडून फेकल्या अन् रवा चाळून बरणीत भरून ठेवला. ज्ञानूला नोकरीतून कुठं लक्ष द्यायला होते?"

मी इथल्या रिवाजाने 'शुक्रन', म्हणजे धन्यवाद, म्हणालो. (तो कोंडा होता हे मी घरात अजून सांगितलेलं नाही. उपमा बरा झाला होता.)

नवा डबा आणला, तो गाडीतल्या कूलबॉक्समध्ये लपवला. रोज पहाटे ताटलीत अळ्या वाढायच्या, परातीत पाणी ओतायचं आणि खिडकीआड उभं राहायचं. नीलकंठ सोडा, कबुतर आलं नाही. दोह्यात जे कबुतर एसीच्या डब्यावर, बाल्कनीत, माणसाच्या डोक्यावर बसायला कमी करत नाही, ते माझ्या परसावरून जाताना वळसा घालून जायचं. मांजरं मात्र पाच आली. ती परातीभोवती बसून माझ्याकडे बघत राहायची.

"बाबा, मेबी द बर्ड्स डोंट लाइक यू," अकरा वर्षांची ईश्वरी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण अपमान ती इंग्रजीतून करते.

मामाजी रोज विचारायचे आणि मी रोज नवी थाप मारायचो. आज तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा आला होता. आज वारा होता. आज शुक्रवार. शुक्रवारी पक्षी का येणार नाही, हे त्यांनी सभ्यपणाने विचारलं नाही. ज्ञानदाने तोवर त्यांच्यासाठी लोकरीचा स्वेटर मागवला होता, जानेवारीच्या थंडीसाठी. तो तिने कपाटात घडी करून ठेवलेला मी पाहिला.

मग मी जे केलं ते कोणताही सरळ माणूस करणार नाही. ऑनलाइन शोधलं. 'ब्लूबर्ड, गार्डन डेकोरेशन, रिअल फेदर्स, मूव्हिंग विंग्ज, विथ साउंड.' पक्षी अमेरिकेतला, पण पाठ निळी आणि छाती तपकिरी. नीलकंठाची छातीही तपकिरीच असते. बटण दाबलं की पंख हलायचे, चोच उघडायची आणि तो गायचा. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला गच्चीच्या जैदच्या बाजूच्या कठड्यावर, डिशच्या दांड्याला चिकटपट्टीने बसवला आणि वर गोणपाट टाकलं. जैद म्हणजे आमचा शेजारी, इथलाच. भेटला की हात छातीवर ठेवून सलाम करतो. मधली भिंत दोन पुरुष उंच आणि गच्चीवर आम्ही एरवी फिरकत नाही, त्यामुळे पलीकडे काय चालतं ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

दसरा शनिवारी आला, म्हणजे इथल्या सुट्टीत. सहा वाजता मामाजी आंघोळ करून, पांढरी टोपी घालून परसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सात वाजले. आठ वाजले. ऊन चढलं. मामाजींना साखरेचा त्रास, गोळी जेवणाबरोबरची, आणि जेवण पक्ष्याच्या हवाली.

"बाबा, निदान चहा घ्या," ज्ञानदा म्हणाली.

"पाहिल्याशिवाय नाही, बेटा."

"तुमचा हात थरथरून राहिला!"

"थरथरू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर परवडलं असतं. मला लाजही वाटली आणि भीतीही वाटली, म्हाताऱ्याला काही झालं तर या थापेपायी होणार होतं. मी गुपचूप गच्चीवर गेलो, गोणपाट ओढलं, बटण दाबलं आणि धापा टाकत खाली आलो.

"मामाजी! तो पाहा! डिशवर!"

मामाजी उठले. पक्ष्याने पंख हलवले. त्यांनी टोपी नीट केली आणि हात जोडले. "पाय वं, सुमन," ते सासूबाईंना म्हणाले, "इतक्या दूर आला आपल्यासाठी."

ज्ञानदा रडायला लागली. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो.

जमीन दुभंगली नाही. आभाळातून काहीतरी राखाडी सुटलं, सूं असा आवाज झाला आणि नीलकंठ फुटला. पिसं चारी दिशांना उडाली. भलामोठा ससाणा डिशवर बसून ओरबाडत होता, आणि नीलकंठाचं डोकं टप्पे खात मामाजींच्या पायाशी आलं.

"अरे बाप्पा! मारला! दसऱ्याच्या दिवशी नीलकंठ मारला!" त्यांनी घाईने ते डोकं दोन्ही हातांत उचललं. "ज्ञानू, पाणी आण! जीव आहे अजून, चोच हलून राहिली!"

चोच हलत होती. नुसती हलत नव्हती, ती गातही होती. मामाजींनी डोकं उलटं केलं, आत बोट घातलं आणि बराच वेळ पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "यात वायर आहे."

ईश्वरी बोलली. "ओ माय गॉड, बाबा."

तेवढ्यात मागच्या दारातून जैद धावत आला. एका हातात चामड्याचा मोजा. "सॉरी, सॉरी! भाई, तुम्हारा तोता मर गया?"

त्याने शीळ घातली, ससाणा त्याच्या मुठीवर येऊन बसला आणि मग सगळा उलगडा झाला. ससाण्यांचा हंगाम सुरू झाला होता. गेले वीस दिवस जैद रोज सकाळी आमच्या भिंतीलगत त्याला बसवत होता आणि पिसांचा गोळा हवेत फिरवून झडप घालायला शिकवत होता. "ये जिधर बैठता, उधर चिड़िया का बाप भी नहीं आता," तो अभिमानाने म्हणाला. आणि मी रोज त्याच ससाण्याच्या शेजारी अन्नछत्र मांडून बसलो होतो, तेही तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

मामाजींनी मान खाली घातली. "ज्ञानू, उद्याचं तिकीट पाय," एवढंच म्हणाले. ज्ञानदाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

म्हाताऱ्याचा चेहरा पाहून जैद तिथून हलेना. इथल्या माणसाला म्हाताऱ्यांचं फार. क्या हुआ चाचा, म्हणून खोदून खोदून विचारलं. मामाजींनी पोस्टमास्तरी हिंदीत एक्कावन्न वर्षं सांगितली. जैद ऐकत होता.

"नीला पर? भूरा सीना? अरे चाचा, मेरे मज़रे में तार पे बैठता है! खेत है मेरा, उधर, चालीस मिनट. यल्ला!"

यल्ला म्हणजे चला, तेव्हा सगळे निघाले. गाडीत पाच जागा. जैद, मामाजी, ज्ञानदा, ईश्वरी, आणि पाचवी ससाण्याची. त्याचा स्वतःचा पासपोर्ट आहे, असंही कळलं. माझ्याकडेही आहे, पण तो कोणी विचारला नाही.

साडेदहाला ज्ञानदाचा फोन आला. "सात दिसले! ऐक ना, एका तारेवर सात! बाबांनी हात जोडले, मग खजूर खाल्ले, गोळी घेतली. जैदभाईंनी दर शुक्रवारी न्यायचं कबूल केलं. बाबा राहतो म्हणाले रे, होळीपर्यंत राहतो म्हणाले!"

मी मामाजींच्या खुर्चीत बसलो. खरं सांगतो, डोळे भरून आले. तसाच बसलो होतो तर समोरच्या भिंतीवर काहीतरी उतरलं. निळं. सेलवर चालणारं नव्हे. तो खाली आला, ताटलीतली एक अळी टिपली, पडद्याच्या रॉडवर बसला, पंख उघडले, आणि माझ्या फरशीवर असा निळा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. ससाणा चाळीस मिनिटं लांब होता ना! मी आठ फोटो काढले. साडेतीन फुटांवरून.

संध्याकाळी मंडळी परतली. मी दारातच फोन पुढे केला. "मामाजी! आला होता! खराखुरा! आपल्या परसात!"

ज्ञानदा आणि ईश्वरी एकमेकींकडे पाहत आत गेल्या. मामाजी मात्र मनाचे मोठे. त्यांनी चष्मा लावला, आठही फोटो सावकाश पाहिले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हा बऱ्या कंपनीचा दिसते जी," ते म्हणाले. "पहिलेच हा मागवाचा होता."