ऐंशी अक्षरांचा बांध

सोमवारी सकाळी लालासाहेबांनी साताऱ्याच्या ऑफिसात काळा पडदा उघडला आणि त्यांना आपलं रान कमी झाल्यासारखं वाटलं.

काळा पडदा म्हणजे दूध संघाच्या टँकरांची यादी. कॉम्प्युटरवरचं जुनं काम. पडदा एकच, पण तो साताऱ्याच्या आणि सांगलीच्या ऑफिसात एकाच वेळी दिसायचा. मधोमध एक उभी रेष. डावीकडे साताऱ्याचे टँकर, उजवीकडे सांगलीचे. डावीकडे लालासाहेब लिहायचे, उजवीकडे सांगलीचे वीरधवल. इकडचा टँकर बिघडला तर तिकडचा कुठं आहे ते नुसती नजर वळवून कळायचं. वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला, तरी आतलं काम जिथल्या तिथं थांबून राहायचं. परत उघडलं की तिथूनच पुढं चालू. पडद्याचे असे भाग पाडून देणारं एक सॉफ्टवेअर होतं आणि त्याची देखभाल कऱ्हाडच्या संयोगितामॅडम करायच्या.

एका ओळीत ऐंशी अक्षरं साताऱ्याची, ऐंशी सांगलीची. अकरा वर्षं ही वाटणी सुरळीत चालली होती. इतकी सुरळीत, की रेषेच्या अलीकडून पलीकडे चौकशा करता करता लालासाहेबांच्या अंकिताचं आणि वीरधवलांच्या ऋषिराजचं लग्नही ठरलं होतं. येत्या रविवारी औंधला सुपारी फुटायची होती.

आणि आज यादीतल्या तिसऱ्या ओळीत ‘गोंदवले बुद्रुक’च्या जागी ‘गोंदवले बुद्रु’ दिसत होतं.

लालासाहेबांनी खालच्या एका रिकाम्या ओळीत एकाचा आकडा दाबून धरला. एकापुढे एक करत आकडे रेषेला जाऊन टेकले. मग पेन्सिलीच्या टोकानं त्यांनी ते मोजले. सत्त्याहत्तर भरले. पुन्हा मोजले. सत्त्याहत्तरच.

आता त्यांना शनिवारचा निरोप आठवला. संयोगितामॅडमनी सॉफ्टवेअरचं नवं अपडेट टाकलं होतं आणि काय काय बदललं ते मोबाईलवर लिहून पाठवलं होतं. एकूण नऊ कलमं होती. पहिलंच कलम असं होतं: ‘यापुढे मधली रेष माऊसने धरून हवी तिकडे सरकवता येईल.’ लालासाहेबांनी पुढची कलमं वाचलीच नव्हती. माण तालुक्यात जन्मलेल्या माणसाला बांध हलवता येतो एवढं कळलं की बाकीचं वाचायची गरज राहत नाही. त्यांच्या लहानपणी शेजारच्यानं दर वर्षी नांगरताना वीतभर बांध कोरून त्यांच्या वडिलांची अख्खी पट्टी गिळली होती.

त्यांनी सांगलीला फोन लावला.

“पाव्हणं, नवं अपडेट कसं वाटतंय?”

“ब्येस हाय की,” वीरधवल म्हणाले. “लय मोकळं वाटाय लागलंय.”

“मोकळं म्हंजे?”

“म्हंजे ऐसपैस. आवं, आमचं कवठेमहांकाळ पयल्यांदाच पुरं दिसाय लागलंय. अकरा वर्सं शेपूट तुटलेलं बघत हुतो.”

“मग ती वाढीव अक्षरं आली कुठनं?”

“आली असतील अपडेटातनं. देणाऱ्याला कशाला इचारायचं?”

लालासाहेबांनी फोन ठेवला. सोयरीक व्हायची आहे, तोंडावर काही बोलायला नको, असं त्यांनी ठरवलं. मात्र पहारा ठेवायचा. फौजेच्या सिग्नल तुकडीत त्यांनी बावीस वर्षं काढली होती, त्यातली सहा तर थेट सीमेवर. पहारा त्यांना नवीन नव्हता.

सोयही आयती होती. अपडेटनंतर हा पडदा मोबाईलवर दिसायला लागला होता. अंकितानं रविवारीच तो त्यांच्या मोबाईलवर आणून दिला होता, आणि घरी आलेल्या तिघा पाहुण्यांना त्यांनी तो एकेकदा उघडून दाखवलाही होता. मोबाईलवर सगळं आखडून यायचं, अक्षरं मोजता यायची नाहीत, पण रेषेपाशी कुणी नाही एवढं समजायचं. सोमवारी दुपारी जेवताना त्यांनी एकदा पाहून घेतलं. संध्याकाळी एसटीत एकदा. मंगळवारी आंघोळीला जायच्या आधी एकदा, न्हाव्याकडं अर्धी दाढी झाल्यावर एकदा, रात्री झोपेतून उठून तीनदा. प्रत्येक वेळी सगळं शांत असायचं. आणि प्रत्येक वेळी ऑफिसात येऊन मोजलं की रान कमी भरायचं. जितका पहारा कडक, तितकी चोरी मोठी. बुधवारी सकाळी सत्तर अक्षरं उरली होती.

बुधवारी दुपारी टँकरवरच्या अर्जुनाचा फोन आला. तो त्या वाटेवर नवा होता आणि पडद्याचा फोटो मोबाईलवर पाहून गाडी न्यायचा.

“लालासाहेब, मी गोंदवल्यात आलोय. हितली मानसं म्हणत्यात, आमचं दूध सकाळीच गेलंया.”

“कुठल्या गोंदवल्यात हायस तू?”

“खुर्दात.”

“बुद्रुकात जायचं हुतं रं.”

“यादीत नुसतं गोंदवले हाय. बुद्रुक लिवायचं न्हाई का?”

“लिवलंय. कुणीतरी खाल्लंय.”

“काय खाल्लंय?”

“बुद्रुक.”

अर्जुनानं यादी पुन्हा एकदा बघितली. मग “बरं, वळवतो गाडी,” म्हणाला. त्याचा फोन ठेवतात तोवर बुद्रुकच्या संकलन केंद्राच्या लीलाबाईंचा आला.

“आवं लालासाहेब, चाळीस बाया कॅन घिऊन उनात हुब्या हायत. आमचं गाव उठलं का काय कागदावरनं?”

“येतोय टँकर, लीलाबाई. वाटंत हाय.”

“कुनाच्या वाटंत?”

टँकर तासाभरानं पोचला, दूध नासलं नाही. पण लीलाबाईंनी त्या तासाभरात चार फोन केले आणि शेवटच्या फोनमध्ये लालासाहेबांच्या फौजेतल्या नोकरीविषयीच शंका काढली. ती त्यांना लागली.

गुरुवारी सकाळी त्यांनी अपडेटनंतर पहिल्यांदाच माऊस हातात घेतला. रेष धरली आणि उजवीकडं ओढली. माऊस त्यांच्या हाताला कधी नीट बसला नव्हता. ऐंशीवर थांबायचं होतं, रेष शहाण्णववर जाऊन थांबली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ती तिथंच राहू दिली. चार दिवसांची भरपाई म्हणून.

पाचव्या मिनिटाला सांगलीचा फोन आला.

“पाव्हणं, आमचं कवठेमहांकाळ कुठं गेलं?”

“आमचं बुद्रुक गेलं तिकडंच गेलं असंल.”

“म्हंजे रेष तुमी वढली?”

“मी परत आणली. वढली तुमी, सोमवारपासनं.”

“मी माऊसला हात लावला असंल तर हात झडंल माझा.”

“मग काय रेषेला पाय फुटल्यात व्हय?”

वीरधवलांनी फोन आपटला आणि माऊसला हात लावला. मग दिवसभर रेष इकडून तिकडं आणि तिकडून इकडं फिरत राहिली. पडद्याचा फोटो ज्या क्षणी निघेल त्या क्षणी ज्याचं रान मोठं, त्याची गावं पुरी. सांगलीचा एक टँकर नुसत्या ‘कव’ एवढ्या पत्त्यावर निघाला आणि कवलापूर, कवठे एकंद अशी दोन्ही गावं बघून दुपारी कवठेमहांकाळला पोचला.

संध्याकाळी लालासाहेब घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नी शालूबाई रविवारच्या साड्या घडी करत होत्या.

“ऱ्हाऊ द्या ते,” लालासाहेब म्हणाले. “रविवारची सुपारी हुयाची न्हाई.”

“का? काय झालं?”

“बांध कोरणारा मानूस हाय त्यो. आपलं धा अक्षराचं रान खाल्लं चार दिसात.”

शालूबाईंनी हातातली साडी खाली ठेवली. “किती?”

“धा.”

“धा अक्षरापायी लेकीची सुपारी मोडताय? पोरगी काय पडद्यात नांदायची हाय?”

“सवाल अक्षराचा न्हाई. दानतीचा हाय. आज ह्यो सोयऱ्याची रेष वढतोय, उद्या लेकीला काय सुख लागू देणार?”

आतल्या खोलीत अंकिता मोबाईलवर ऋषिराजशी बोलत होती ती बोलायची थांबली. सगळं तिला ऐकू गेलं होतं. शालूबाईंनी त्या बाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“हे बघा, माझ्या माहेरी दोन येळा बांधावरनं वाद झाला. दोन्ही येळा मोजणी आणली, मगच कुनाला चोर म्हटलं. तुमी मोजणी न करताच म्हणताय. मोजणी आणा आधी. त्यो चोर निघाला तर मीच साड्या परत करती.”

हे लालासाहेबांना पटलं आणि त्यांनी संयोगितामॅडमना फोन लावला. नवल म्हणजे त्याच संध्याकाळी वीरधवलांनीही त्यांना फोन करून मोजणीच मागितली होती. मॅडमनी दोघांना शनिवारी कऱ्हाडला बोलावलं. दोघांनाही साधारण सारखंच अंतर पडेल म्हणून.

शनिवारी दोघं एकमेकांना नमस्कार करून एकमेकांपासून तीन खुर्च्या सोडून बसले. संयोगितामॅडमनी पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला, रेष मधोमध आणली आणि दोघांसमक्ष मोजली. ऐंशी आणि ऐंशी.

“आता काका,” त्या लालासाहेबांना म्हणाल्या, “तुम्ही रोज काय करता ते करून दाखवा.”

“मी काय करणार? लिवतो, आन राखण करतो.”

“राखण कशी करता?”

लालासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि पडदा उघडला. भिंतीवरचा सगळा पडदा आखडून तळहाताएवढा झाला. त्यांनी नजर फिरवली, रेषेपाशी कुणी नाही अशी खात्री करून घेतली आणि मोबाईल बंद केला. भिंतीवरचा पडदा पुन्हा मोठा झाला.

मॅडमनी मोजलं. एकोणऐंशी आणि एक्याऐंशी.

“पुन्हा उघडा.”

त्यांनी उघडला, बंद केला. अठ्ठ्याहत्तर.

“अजून एकदा.”

सत्त्याहत्तर. चौथ्यांदा उघडायला लालासाहेबांचा अंगठा तयार होईना.

“मोबाईल लहान असतो,” संयोगितामॅडम म्हणाल्या. “तो जोडला की सगळा पडदा त्याच्या मापाचा होतो, आणि काढला की परत मोठा होतो. परत वाटणी करताना एक अक्षर उरतं आणि ते दर वेळी उजव्या बाजूला पडतं. सॉफ्टवेअर करणाऱ्यांची चूक आहे ती.”

“म्हंजे मी जितक्या येळा राखणीला गेलो—”

“तितक्या वेळा एकेक अक्षर सांगलीला देऊन आलात.”

वीरधवल हसायला लागले. टेबलावर हात आपटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लालासाहेब मान खाली घालून मोबाईलकडं बघत बसले. वीरधवलांचं हसू थोडं ओसरल्यावर संयोगितामॅडम त्यांच्याकडं वळल्या.

“आणि काका, तुमची बाजू तर सोमवारपासून वाढत होती. तुम्ही का नाही कळवलं?”

वीरधवल हसायचे थांबले. त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली.

“आता खरं सांगू का मॅडम,” ते म्हणाले. “आपण कुदळीला हातबी लावला न्हाई आन रोज सकाळी उठून बघावं तर बांध आपणहून पलीकडं सरकलेला. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे सपान बघितलंय. माझ्या हातनं मोडवंना.”

लालासाहेबांनी मधल्या तीन खुर्च्यांपैकी दोन खुर्च्या ओलांडल्या.

“मीबी गप्पच बसलो असतो, पाव्हणं,” ते म्हणाले. “डावीकडं वाढत असतं तर मी कुनाला कळूसुदिक दिलं नसतं.”

चहा आला. वीरधवलांनी आपल्या बशीतलं बिस्किट उचलून लालासाहेबांच्या बशीत ठेवलं. मॅडमनी रेष मधोमध आणून दिली आणि सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत मोबाईल उघडायचा नाही, असं लालासाहेबांकडून कबूल करून घेतलं.

रविवारी औंधला सुपारी फुटली. ऋषिराज आणि अंकिता यांना मधल्या आठवड्याविषयी कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. वीरधवलांनी व्याह्यांना फेटा बांधला, दोघं उराउरी भेटले, शालूबाईंच्या साड्या सगळ्यांना आवडल्या.

सोमवारी सकाळी लालासाहेबांनी पडदा उघडला. साताऱ्याकडं पंच्याऐंशी अक्षरं होती.

“पाव्हणं, मी मोबाईलला शिवलो न्हाई,” त्यांनी घाईनं फोन केला. “तरी रेष सरकलीया.”

“मीच सरकवली. पाच अक्षरं ऱ्हाऊ द्यात तुमच्याकडं. तुमची गावांची नावं लांबलचक.”

“आवं, पण मुलीकडचं आमी. सोयऱ्याचं घ्यायचं व्हय? लोक काय म्हणतील?”

“लोकांना काय दिसतंय?”

“मला तर दिसतंय.” आणि लालासाहेबांनी पाच परत केली, वर स्वतःची पाच घातली. कवठेमहांकाळ शेवटच्या अक्षरासकट झळकलं. बुद्रुकचं शेपूट गेलं.

अर्ध्या तासानं वीरधवलांनी दहाची दहा परत पाठवली आणि वर तीन दिली. लालासाहेबांनी ती तीन सहा करून धाडली. “असं करू नगा, शपथ हाय तुमाला,” असा सांगलीचा फोन आला. “एकदा दिलेलं आमी मागं घेत न्हाई,” असं साताऱ्यानं कळवलं. गुरुवारपर्यंत माऊस दोघांच्या हाताला चांगलाच बसला होता आणि टँकरवाल्यांनी पडद्याचे फोटो बघायचं सोडून सरळ गावोगावी फोन करून विचारायला सुरुवात केली होती.

शुक्रवारी संयोगितामॅडम सॉफ्टवेअर करणाऱ्यांना पत्र लिहायला बसल्या. मोबाईलची चूक त्यांनी आधीच कळवली होती. आता नवी मागणी होती: पुढच्या अपडेटमध्ये मधली रेष कुलूप लावून बंद करता यावी, दोन्हीकडून कुणालाही ती हलवता येऊ नये.

मागणीच्या फॉर्मवर खाली एक चौकट होती. या सोयीची गरज का पडली, ते तिथं थोडक्यात लिहायचं होतं. मॅडमनी लिहिलं, ‘दोन वापरकर्त्यांमधील वाद टाळण्यासाठी.’ ते खरं नव्हतं म्हणून खोडलं. मग त्या बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसल्या आणि शेवटी जे होतं तेच लिहून पाठवलं: ‘रेषेच्या दोन्ही बाजूंचे लोक नुकतेच एकमेकांचे व्याही झाले आहेत.’