केशवबापूंची आसेगाव लाइन

केशवबापू वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडतानाही हिरवी झेंडी दाखवतात. बांधावरून लाल फडकं हललं, की त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, मोटर बंद करायची. "या माणसाले मळा नाही, ठेसन पायजे होतं," काकू म्हणतात.

आमच्या रिसोडला रेल्वे नाही. एसटी आहे, जीप आहेत. बापूंच्या मते हे निव्वळ अकलेचं दिवाळं. कशावरही त्यांचा एकच तोडगा : "त्यात काय, लाइन टाकून देऊ!" सोयाबीनला भाव नाही? लाइन टाका. जावई रुसला? लाइन टाका. त्यांची लाइन रिसोडहून निघते ती जऊळक्याच्या स्टेशनाला जाण्याआधी पार आसेगावला वळसा घालते. द्राविडी प्राणायाम!

आसेगाव का, ते सगळ्यांना ठाऊक. तिथे त्यांची थोरली बहीण, गोदाताई. तिला मोटार लागते. जीप फाट्यावर पोचेतो ओकून ओकून बेजार. बापू भाजी घेऊन तिच्याकडे जातात, पण तिला माहेर दिसून वर्षं लोटली. "रेल्वे लागत नाही," हा बापूंचा शोध.

हे ठाऊक असूनही मी, इंग्रजीचा मास्तर, त्यांची चेष्टा केली. रद्दीत त्यांना एक जुनं विलायती चित्र सापडलं होतं. लांब लोखंडी पायांचं इंजिन डोंगर ओलांडतंय आणि डब्यात एक जाडी बाई निवांत चहा पितेय. खाली दोन ओळींचा विनोद.

"सर, काय लिवलं?"

टपरीवरच्या मंडळींना डोळा मारून मी वाचलं, "असं इंजिन तयार आहे. लवकरच गावोगाव."

टपरी पोट धरून हसली. पुढे बापू दिसले की लोक तोंडाने इंजिनाची शिट्टी वाजवत. पहिली शिट्टी माझीच.

बोलायचा मला आळस, कबुलीचा तर फारच. पण परवा गोदाताईंनी अंथरूण धरल्याचं कळलं आणि मी मळ्यात गेलो.

"बापू, ते चित्र गमतीसाठी काढलेलं आहे. मी खोटं वाचलं."

बापू वांगी तोडतच राहिले. "मले इंग्रजी येत नाही, पण डोये तं आहेत ना! इंजिनाले पाय कायले असतीन, सर?"

"मग बोलला का नाहीत?"

"तायडीले सांगून बसलो होतो ना! म्हनलं, शायेतले सर सोता वाचून राह्यले, गाडी येते. तवापासून लुगडे पिशवीत भरून बसली. त्याच आशेवर दोन घास खाते."

बापूंनी मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "आता तुमीच बोला."

पलीकडून दमलेला आवाज आला. "तुमीच काय ते सर? डब्याले खिडकी राह्यते ना?"

"राहते, ताई," मी म्हणालो. "तुमची जागा खिडकीपाशीच आहे."