नाव कुणीबी ठिवतंय

सुदाम अण्णांच्या दुकानातला कॉम्प्युटर मी त्यांना न विचारता फॉर्मॅट केला. तो लई सुस्त झाला होता आणि अण्णा चकलांब्याला गेलते. म्हटलं, येईपर्यंत चकाचक करून ठेवावा. शेजारी माझं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मला असे उपकार सुचतात.

मांजरसुंब्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे अण्णा फाइलीच्या नावावर कधीच विश्वास ठेवत नाहीत. "नाव काय, कुनीबी ठिवतंय. ठसा दाखव." ठसा म्हणजे हॅश. फाइलीचं गणित करून निघणारी आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. फाइलीचं नाव बदला, माळ तीच. आतला एक स्वल्पविराम हलवा, सगळी माळ बदलते. "माजा बाप लोकर कातरल्यावर बी मेंढरू वळखायचा," हे वर. कुठल्या सॉफ्टवेअर पॅकेजातली कुठली फाइल, तिचा ठसा काय, याच्या याद्या त्यांनी वर्षानुवर्षं पेनड्राइव्हवर जमवल्यात.

परत आल्यावर अण्णा ओरडले नाहीत. स्टुलावर बसले. "त्यात माजी एक फाइल हुती बे."

"कॉपी असंल की."

"ती एकच हुती."

फॉर्मॅट केलेल्या डिस्कमधून फाइली उकरता येतात, पण नावं जातात. हजारो निनावी फाइली वर आल्या. अण्णांनी याद्या लावल्या. ही प्रिंटरची, ही टायपिंगच्या पॅकेजातली. ओळखीचे ठसे लोकांच्या मेंढरांसारखे बाजूला हाकलले. उरल्या अकरा, आवाजाच्या.

मी एक वाजवायला गेलो, तर हात धरला. "आदी ठसा." खिशातून घडी झिजलेला कागद काढला, त्यावर त्या फाइलीचा ठसा लिहिलेला. मी एकेक अक्षर वाचत गेलो, ते पडद्यावर बोट फिरवत गेले. सातवी फाइल शेवटपर्यंत जुळली.

"कागद हुता तर आधीच कावून न्हाई काढला?"

"अन् न्हाई जुळला आसता तर?"

मग त्यांनी फाइल वाजवली. अण्णांच्या बायकोचा, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या कमळवहिनींचा आवाज. घरून पाठवलेला साधा निरोप.

"अवो, जेवाया या की. आन् त्या शेजारच्या रिकामटेकड्याला बी आना. हात लावील तिथं वाटुळं करतंय, पर उपाशी आसंल."