‘घरची पारख’ची टेप

माझी स्मरणशक्ती भयंकर आहे! हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. डिचोलीजवळच्या एका खाणीवर मी बावीस वर्षं टाइमकीपर होतो. साडेतीनशे कामगारांचे टोकन नंबर मला तोंडपाठ! माणूस लांबून येताना दिसला की मला आधी त्याचा नंबर आठवायचा, मग नाव. एकदा एका लग्नात मी नवरदेवाच्या बापाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘‘काय एकशेब्याऐंशी, दमलात का?’’

तर अशा माणसाला स्वतःच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस चुकीचा आठवेल का? शक्य तरी आहे का?

तो दिवस म्हणजे डिसेंबर १९९५. तेव्हा टीव्हीवर ‘घरची पारख’ नावाचा खेळ लागायचा. नवराबायकोच्या जोड्या बोलवायच्या, एकाला काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसवायचं आणि दुसऱ्याला त्याच्याबद्दल पाच प्रश्न विचारायचे. मग आलटापालट. आमचं लग्न मे महिन्यात झालेलं. माझी बायको सुलोचना पेडण्याकडची, मांद्र्याची. आम्ही दोघं गेलो. मी पाचच्या पाच उत्तरं खाडखाड दिली. सुलोचनानंही चार दिली. शेवटचा प्रश्न आला, ‘‘नवऱ्याच्या चपलेचा नंबर?’’ ती म्हणाली, ‘‘आठ.’’

माझा सात!

एका नंबरानं रंगीत टीव्ही गेला. तो वाळपईच्या एका जोडप्यानं उचलला आणि आम्ही प्लास्टिकचा पाण्याचा जग घेऊन कदंबच्या बसनं घरी आलो.

ही हकीकत मी तीस वर्षं सांगत आलोय. बारशाला, वास्तुशांतीला, कोणी आजारी असला तर त्याच्या उशाशी बसून. आणि सांगून झालं की शेवटी एक वाक्य ठेवलेलं असतं, ‘‘पण मी तिला कधी बोललो नाही हो!’’ सुलोचना त्याआधीच उठून आत गेलेली असायची. मला वाटायचं, बिचारी शरमते.

यंदा चवथीला आम्ही तिच्या माहेरी होतो. आरती झाली, जेवणं झाली, पाहुणे ओसरीवर टेकले. मी सुरू केलं. ‘‘...आणि ही म्हणते आठ!’’ एवढं म्हणतोय तोच माझा मेहुणा प्रशांत ताडकन उठला. प्रशांत पर्यटकांना फिरवणारा स्वतःचा टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. माणूस शांत. रस्त्यात म्हैस बसली तर हॉर्न न वाजवता ती उठायची वाट पाहणारा. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला.

‘‘भावोजी, तीस वर्सां आयकतंय ह्यां! आमच्या बायनच चूक केली ह्याका पुरावो काय?’’

‘‘पुरावा?’’ मी हसलो. ‘‘माझी स्मरणशक्ती!’’

‘‘ती तुमची. माका दाखवा!’’

‘‘अरे, तीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम! असता तर हजार वेळा दाखवला असता!’’

तेवढ्यात माझी मुलगी गौरवी मोबाइलवरून मान वर करून म्हणाली, ‘‘पप्पा, आहे की! पर्वरीला जुन्या टीव्ही कार्यक्रमांचं संग्रहालय उघडलंय ना, त्यांची यादी आहे इथे. ‘घरची पारख’, डिसेंबर पंच्याण्णव. आधी वेळ घेतली तर बसून बघता येतं.’’

मला आनंदानं गुदमरल्यासारखं झालं! मी उभा राहिलो आणि घोषणा केली, ‘‘शनिवारी सगळ्यांनी यायचं! सगळ्यांनी! एकानंही मागे राहायचं नाही!’’

एक सुलोचना तेवढी खूश नव्हती. डिचोलीला घरी आल्यावर ती मागेच लागली.

‘‘अहो, कशाला जायचं? जुनी गोष्ट ती.’’

‘‘जुनी म्हणूनच!’’

‘‘तुम्ही एकटेच जाऊन बघून या हवं तर.’’

‘‘वा! आणि प्रशांतला पुरावा?’’

शुक्रवारी तर तिनं पाय दुखतोय म्हणून सांगितलं. मला तिची फार दया आली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘‘घाबरू नकोस. चूक माणसाच्या हातून होते. मी तुला केव्हाच माफ केलंय.’’

तिनं माझा हात खांद्यावरून बाजूला केला. मग म्हणाली, ‘‘बरं. जाऊया तर.’’

शनिवारी सकाळी प्रशांतचा ट्रॅव्हलर दारात उभा. आत मांद्र्याहून आलेले नऊ जण. सुलोचनाच्या मावशीच्या मांडीवर पिशवीभर उंडे पाव आणि स्टीलच्या डब्यात पातळ भाजी. आम्ही तिघं चढलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण नंतर फोटो काढतील अशी माझी कल्पना!

संग्रहालय म्हणजे एका इमारतीचा पहिला मजला. गारेगार खोली, काळे पडदे, समोर मोठा टीव्ही. तनया नावाची एक चष्मेवाली मुलगी तिथलं सगळं बघते. आमची वरात बघून ती दोन पावलं मागे सरकली.

‘‘किती जण तुम्ही?’’

‘‘बारा,’’ मी म्हटलं. ‘‘बसणारा प्रत्येक जण साक्षीदार आहे.’’

‘‘आत खायचं नाही हं,’’ ती मावशीच्या पिशवीकडे बघत म्हणाली. मावशीनं पिशवी अशी कवटाळली की जणू तिच्यात देव होते. भाजी बाहेर राहिली, मावशीही तिच्यासोबत बाहेर राहिली. एक साक्षीदार कमी झाला. माझं पहिलं नुकसान ते, आणि खरं तर एकच फायद्याचं.

दिवे मंद झाले. टीव्हीवर आधी मुंग्या धावल्या, मग रेघा, मग एकदम ते संगीत! माझ्या अंगावर काटा आला. रंग उडून गेलेले, चेहरे वरणात भिजवल्यासारखे, पण तेच स्टेज, तीच काचेची खोली! आणि स्टेजवर बारीक मिशीचा, सफारी घातलेला एक तरुण येऊन उभा राहिला.

‘‘हा मी!’’ मी ओरडलो.

‘‘शूऽऽ,’’ तनया म्हणाली.

पण मला कुठला धीर! मी उठून टीव्हीशेजारी उभा राहिलो आणि बोट लावून समजावू लागलो. ‘‘बघा उभं राहणं! बघा आत्मविश्वास!’’ त्या तरुणानं पहिलं उत्तर बरोबर दिलं. दुसरं बरोबर. तिसरं, चौथं, पाचवं! मी प्रशांतकडे वळलो. ‘‘काय? पाच की नाही? मोजलीस ना?’’

प्रशांतची मान खाली गेली. गौरवीनं टाळी वाजवली. मी कृतकृत्य झालो.

‘‘अहो,’’ अंधारातून सुलोचनाचा आवाज आला. ‘‘ती काचेत बसलेली मी नव्हे.’’

मी वाकून बघितलं. काचेतल्या बाईच्या नाकात एवढी मोठी नथ होती. सुलोचनानं जन्मात नथ घातलेली नाही. आणि तेवढ्यात टीव्हीवर अक्षरं उमटली: वाळपई.

‘‘हे ते टीव्ही जिंकलेले!’’ गौरवी किंचाळली.

खोलीत असा काही हशा उठला की तनयाला टेप थांबवावी लागली. मी खुर्चीत येऊन बसलो. मनाची समजूत घातली. सफारी तेव्हा सगळेच घालायचे. मिशीही. एवढ्यातेवढ्यानं काही बिघडत नाही.

टेप पुन्हा सुरू झाली. ‘‘आता पुढची जोडी, डिचोलीहून!’’ आणि आम्ही आलो. खरोखरच आम्ही. मी सफारीत नव्हतो. मी लग्नातला सूट घातला होता आणि तो मला दोन्ही बाजूंनी मोठा होता. डोळे असे, की खाणीत सुरुंग लावलाय आणि मलाच कोणी सांगितलेलं नाही! सुलोचना मात्र हिरव्या साडीत निवांत उभी. तेवीस वर्षांची. इतकी सुंदर, की मी क्षणभर टेप कशासाठी बघतोय हेच विसरलो.

आधी तिची पाळी. मी काचेत. तिनं पहिलं उत्तर दिलं, बरोबर. दुसरं, तिसरं, चौथं बरोबर. पाचवा प्रश्न: ‘‘नवऱ्याच्या चपलेचा नंबर?’’

मी प्रशांतकडे बघितलं.

‘‘सात,’’ टीव्हीतली सुलोचना म्हणाली. ‘‘पण ते दुकानात आठ सांगतात.’’

टीव्हीतले प्रेक्षक हसले. आमच्या खोलीत कोणीही हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मग मी चुकलो कुठे? कारण जग तर घरी आला होता! टीव्ही तर आला नव्हता!

‘‘बंद करता का जरा?’’ मी तनयाला म्हटलं. ‘‘मला बाहेर जायचंय.’’

‘‘बसा भावोजी,’’ प्रशांत म्हणाला. तेवढंच. शांतपणे.

आता सुलोचना काचेत आणि मी समोर. पहिली चार उत्तरं मी दिली, धडपडत का होईना. मग निवेदकानं हसत हसत विचारलं, ‘‘शेवटचा, अगदी सोपा! तुमच्या पत्नीचं माहेरचं नाव काय?’’

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. सुलोचना हे नाव मी ठेवलेलं. त्याआधी तिचं नाव गंगा. मांद्र्यात अजूनही अर्धा वाडा तिला गंगाच म्हणतो. खेळाच्या सातच महिने आधी लग्नपत्रिकेवर ते छापलं होतं. प्रूफ मीच तपासलं होतं! साडेतीनशे टोकन नंबर पाठ असलेल्या माणसाला दोन अक्षरं!

टीव्हीतल्या त्या माणसानं वर दिव्यांकडे बघितलं. खाली बुटांकडे बघितलं. घड्याळाची टिकटिक वाजत होती. आणि मग तो गाढव, छाती पुढे काढून, खणखणीत आवाजात म्हणाला,

‘‘तेजस्विनी!’’

मी डोळे मिटून घेतले. पण कान कसे मिटणार? टीव्हीतले लोक खदखदत होते. मग गौरवीचा आवाज, अगदी हळू:

‘‘पप्पा... तेजस्विनी कोण?’’

दहा माणसांनी एकदम माझ्याकडे वळून बघितलं. मला खरंच आठवेना! देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मलाच माहीत नव्हतं तेजस्विनी कोण ते!

‘‘आरोंद्याचं स्थळ,’’ सुलोचना शांतपणे म्हणाली. ‘‘माझ्या आधी बघून आले होते. तिकडून नकार आला.’’

नकार! म्हणजे तेही आता अख्ख्या मांद्र्याला कळलं!

पण टेप संपली नव्हती. काचेचं दार उघडून टीव्हीतली सुलोचना बाहेर आली. निवेदकानं तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी स्टेजवर असा उभा होतो, की आत्ता पडेन. तिचं हसू गेलं. तिनं माईक स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, ‘‘त्यांचं नाही चुकलं. मीच कधी घरी ते नाव घेतलं नाही. माझंच चुकलं.’’

मुंग्या आल्या. टेप संपली. तनयानं दिवे लावले. लावले नसते तर बरं झालं असतं. प्रशांत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता बोलतो, आणि बोलावंच त्यानं. पण तो म्हणाला, ‘‘भावोजी, चाय घेतात?’’

शिवी दिली असती तर सोसली असती!

मी जिन्यात जाऊन बसलो. खाली मावशी एकेकाला उंडा आणि भाजी वाढत होती आणि वर काय झालं ते विचारून घेत होती. थोड्या वेळानं सुलोचना येऊन शेजारी बसली.

‘‘तुला माहीत होतं?’’ मी विचारलं.

‘‘मग? मी तिथे होते ना.’’

‘‘मग तीस वर्षं बोलली का नाहीस?’’

‘‘घरी आल्यावर तुम्ही चार दिवस धड जेवला नाहीत. तोंड लपवून बसायचात. पाचव्या दिवशी शेजारी विचारायला आले, तेव्हा तुम्ही चपलेचं सांगितलंत. म्हटलं, सांगू दे. पोटात चार घास जातील.’’ ती पदराशी चाळा करत राहिली. ‘‘मी आपलं चार दिवसांपुरतं अंगावर घेतलं होतं. तुम्ही परत घेतलंच नाही.’’

मी शर्टाची इस्त्री चुरगळत बसलो.

‘‘राग नाही आला?’’

‘‘पहिली दहा वर्षं आला. फार आला. नंतर हसू यायला लागलं. म्हणून आत जायचे.’’

‘‘गंगा,’’ मी म्हटलं, ‘‘माझं चुकलं.’’

तिनं मान हलवली. पण डोळे पुसले, ते मी बघितलं.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी सुखानं मेलो असतो. पण तनया हातात एक कागद घेऊन जिना उतरून आली. ‘‘काका, वर बाहेरच्या दालनात आम्हाला एक जुना खेळ कायमचा लावून ठेवायचाय, येणाऱ्याजाणाऱ्यांना बघायला. तुमच्यासारखा भाग दुसरा मिळणार नाही! फक्त दोघांची संमती हवी.’’

‘‘अजिबात नाही!’’ मी म्हणेपर्यंत सुलोचनानं पेन घेतलं होतं. सही करताना तिनं वरही बघितलं नाही. सही केली ती ‘गंगा’ अशी. मग कागद माझ्यापुढे धरला. तीस वर्षांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. कसं नाही म्हणू?

आता सकाळी दहा ते पाच मी पर्वरीला दर अर्ध्या तासाला ‘तेजस्विनी’ म्हणून ओरडतो. शाळांच्या सहली येतात. डिचोलीच्या बाजारातली मासळीवाली मला बघून विचारते, ‘‘काय ओ, तेजस्विनी बरी आसा मगे?’’ खाणीवरचे जुने कामगार भेटले की आधी स्वतःचं नाव सांगतात, मला आठवायला त्रास नको म्हणून.

सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असते. तेवढा एक दिवस मी मान वर करून हिंडायचो. परवा गौरवी म्हणाली, ‘‘पप्पा, त्यांनी तो भाग मोबाइलवरपण टाकलाय. सोमवारीसुद्धा दिसतो.’’