सातवं विमान

कोचरेकरांच्या घरी नुसतं ‘हो’ म्हणून चहा मिळत नसे. ते विचारत, “एक कप, साखर अर्धा चमचा, पाच मिनिटांत. घेणार?” यावर पाहुण्याने “एक कप, अर्धा चमचा, पाच मिनिटांत, घेतो,” असं अख्खं परत म्हणायचं. मग कोचरेकर “बरोबर” म्हणत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून वहिनींना तेच सांगत. वहिनींनीही ते परत म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असे. वहिनी आतून फक्त भांडं आपटत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि भांड्याचा एक आवाज म्हणजे होकार, एवढी सूट त्यांनी मिळवली होती.

शांताराम कोचरेकर विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे वरच्या विमानांनी किती उंचीवर राहायचं, कुठे थांबायचं, कधी उतरायचं हे रेडिओवरून सांगणारे. मी तिथेच रेडिओचे सेट दुरुस्त करायचो, आणि नालासोपाऱ्याला आचोळ्यात त्यांच्याच बिल्डिंगमध्ये त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. त्यामुळे कोचरेकरांपासून मला घरी सुटका नव्हती आणि ऑफिसातही नव्हती. विमानतळाचं नाव मी सांगत नाही. माझं पेन्शन तिथूनच येतं.

नियंत्रकाने सूचना दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हा आमच्याकडचा नियमच. बाकीचे नियंत्रक पाळी संपली की तो नियम खुर्चीवर ठेवून घरी येत. कोचरेकर तो बरोबर आणत. पेपरवाला, इस्त्रीवाला, गॅसवाला सगळे त्यांच्या दारात उभे राहून पाढे म्हणत. वसईकडून टोपली घेऊन येणारी कार्मेलबाय एकदा म्हणाली, “सायब, दोन जुड्या मेथी न् डझनभर केळी. रोजचंच हाय. घरी पानी भरायचं सोडून तुमचा पाठ कवा करू मी?” पण बोलता बोलता तिने सगळं परत म्हटलं होतं, त्यामुळे कोचरेकर “बरोबर” म्हणाले आणि दार लावून घेतलं.

“अंदाज नको, आकडा सांगा,” हे त्यांचं दुसरं. ‘जरा वेळाने’, ‘बऱ्यापैकी’, ‘जवळच आहे’ हे शब्द त्यांना सहनच होत नसत. आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा वारले. त्यांचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, “शेवटी शेवटी फार हाल झाले हो.” कोचरेकरांनी त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, “किती दिवस?” त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच काळजी वाटत होती, आणि काळजी नेमकी केवढी करायची ते त्यांना कळायला हवं होतं.

उन्हाळ्यात बिल्डिंगला टँकर यायचा तेव्हा जिन्यात बादल्यांची नुसती मारामारी व्हायची. एका वर्षी कोचरेकरांनी ते काम अंगावर घेतलं. रिकामी बादली घेऊन उतरणाऱ्याने भिंतीच्या कडेने उतरायचं, भरलेली घेऊन चढणाऱ्याने कठड्याच्या कडेने चढायचं, आणि दोन बादल्यांमध्ये एक मजला मोकळा ठेवायचा. बायकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. पण त्या उन्हाळ्यात जिन्यात एकदाही पाणी सांडलं नाही, ही गोष्ट टिंगल करणाऱ्यांनीही मान्य केली.

ऑफिसात रडार आल्यापासून तरुण नियंत्रक पडद्यावरचे ठिपके बघून काम करत. कोचरेकरही करत, पण पाहुण्यांच्या घरी जेवल्यासारखं, बेतानं. त्यांचा जीव कागदाच्या पट्ट्यांवर. प्रत्येक विमानाची एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर नंबर, उंची आणि वेळ लिहायची. पट्ट्या पुढ्यात ओळीने लावल्या की कोचरेकर डोळे मिटून अख्खं आकाश सांगू शकत. तरुण मंडळी त्यांना ‘पट्टीवाले काका’ म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं.

त्या वर्षी त्यांची मुलगी मंजू मस्कतहून येणार होती. लग्नानंतर तिथे गेली ती तिथलीच झाली, बाळंतपणही तिथेच झालं. नातू आठ महिन्यांचा होता आणि कोचरेकरांनी त्याला फक्त फोटोत बघितलं होतं. जावयाला रजा मिळाली नव्हती, मंजूलाही जेमतेम चारच दिवसांची मिळाली होती. आदल्या आठवड्यापासून वहिनींनी घर डोक्यावर घेतलं होतं. पाळणा माझ्या घरून नेला. कोचरेकरांनी पाळण्याच्या दोऱ्या जमिनीपासून मोजून सारख्या केल्या आणि त्यात तांदळाचा डबा ठेवून तो झोपवून बघितला.

येणार त्या दिवशी दुपारी ते ड्युटीवर होते, मीही होतो. मस्कतचं विमान साडेचारला होतं. चारच्या सुमारास रडारच्या खोलीत छतातून धूर यायला लागला. एसीची वायर जळत होती. खोली ताबडतोब रिकामी करा, तपासणी होईपर्यंत बंद, असा हुकूम आला. खोली बंद करता येते. वर आलेली विमानं बंद करता येत नाहीत.

जमिनीवरची उड्डाणं जागीच थांबवली. लांबच्या विमानांना दुसऱ्या शहरांनी सांभाळून घेतलं. पण सात विमानं आमच्या अगदी दारात येऊन ठेपली होती. आम्ही सगळे खालच्या मजल्यावरच्या जुन्या खोलीत धावलो. तिथे आता मोडक्या खुर्च्या ठेवत. दोन जुने सेट होते. एक लागलाच नाही. दुसऱ्याची वायर मी हाताने दाबून धरली तर चालत होता, म्हणून मी ती धरून बसलो. रडार नव्हतं. आठ-दहा हुशार मुलं कोऱ्या भिंतीकडे बघत उभी होती. मग एकेकाने कोचरेकरांकडे बघायला सुरुवात केली.

कोचरेकरांनी रुमालाने एक खुर्ची पुसली, बसले आणि म्हणाले, “पट्ट्या द्या.”

त्यांनी सातही जणांना विचारलं, कुठे आहात, किती उंचीवर, इंधन किती वेळचं. एक वैमानिक म्हणाला, पुरेसं आहे. कोचरेकर म्हणाले, आकडा सांगा. मग एकाच्या वर एक, हजार हजार फुटांचं अंतर ठेवून त्यांनी ती विमानं घिरट्या घालायला लावली. सगळ्यात खालच्याने उतरायचं, दहा मिनिटांनी पुढच्याने. आवाज चहाचं विचारताना असायचा तसाच.

मस्कतचं विमान रांगेत तिसरं होतं. सातव्या नंबरला एक छोटं विमान होतं, त्याच्याकडे फक्त तीस मिनिटांचं इंधन होतं. त्याला पुढे घ्यावंच लागणार होतं. तेवढ्यात माझ्या हातातली वायर गरम व्हायला लागली. मी सांगितलं, “कोचरेकर, हा सेट तासभर टिकेल.”

“तास म्हणजे साठ मिनिटं?”

“साठ.”

दहा दहा मिनिटांनी एक, म्हणजे सहा विमानं. उरलेल्या सातव्याला, मग ते कोणतंही असो, दुसरीकडे पाठवायलाच हवं होतं. सगळ्यात जास्त इंधन मस्कतवाल्याकडे होतं, पावणेदोन तासांचं. अहमदाबाद त्याला सहज गाठता येणार होतं. हे गणित कोणालाही करता आलं असतं. पण त्या विमानात कोण आहे हे खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

“कोचरेकर,” मी हळूच म्हटलं, “दुसऱ्या कोणाकडे तास-सव्वा तासाचं…”

“दुसऱ्यांत जास्तीत जास्त सत्तर मिनिटं. त्यात कुठेच पोचत नाही.” त्यांनी मस्कतची पट्टी ओळीतून काढली आणि बाजूला ठेवली. मग वैमानिकाला सांगितलं, अहमदाबादला जा, अमुक उंची, अमुक दिशा. वैमानिकाने सगळं नीट परत म्हटलं. त्यावर ‘बरोबर’ म्हणायला कोचरेकरांना वेळ लागला. फार नाही, पण अठरा वर्षांत मी त्यांना तेवढा वेळ लावताना पाहिलं नव्हतं.

सहा विमानं उतरली. शेवटचं उतरल्यावर सेट आपोआप बंद पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोचरेकरांनी पट्ट्या गोळा केल्या आणि हात धुवायला गेले.

संध्याकाळी साडेसातला आम्ही घरी पोचलो. मंजूचा फोन येऊन गेला होता. अहमदाबादला हॉटेलात ठेवलंय, बाळ रडून रडून झोपलंय, उद्या दुपारी आणून सोडणार. घरात वहिनींच्या दोन बहिणी, शेजारपाजार, आणि झाकून ठेवलेलं जेवण. वहिनी संतापल्या होत्या.

“चार दिसांसाठी येता पोर माझी, आणि तिका खंय नेवन टाकल्यानी,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांची इमाना उतारली. हिच्याच इमानान काय केल्यान तेंचा? कोण होतो तो मेलो थंय?”

कोचरेकर पाटावर बसले. मी निघायला बघत होतो, पण वहिनींनी मलाही ताट वाढलं होतं.

“तुमका म्हायत असतला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “नाव सांगा तेचा. तेका काय पोरांबाळां नसतली. असती तर असा करूचो नाय.”

कोचरेकरांनी भाताला हात लावला नव्हता.

“आहे,” ते म्हणाले. “एक मुलगी आहे त्याला.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. बहिणी अजून बोलत होत्या, त्यांना काही कळलं नव्हतं. वहिनींनी हातातली पळी खाली ठेवली आणि त्या नवऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग कोचरेकर, जे कधी कोणाशी मालवणीत बोलत नसत, मान खाली घालून म्हणाले, “एक दिस गेलो गो आपलो.”

“जेवा तुम्ही,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांचा भात कालवून दिला.