अण्णांनी जमवलेली शेवटची सोयरीक

रविवारी सकाळी केडगावच्या फ्लॅटमध्ये दोन सोफे समोरासमोर ओढले गेले आणि तिथेच सगळं चुकलं.

एका सोफ्यावर गहिनीनाथ आणि त्याची बायको सविता बसली होती, दुसऱ्यावर चिंचवडहून आलेला धाकटा भाऊ श्रीमंत आणि त्याची मोनिका. मधल्या टीपॉयवर पोह्यांच्या बशा. विषय होता वडिलांचा, आणि वडील, म्हणजे रंभाजीअण्णा, आतल्या खोलीत झोपलेत अशी सगळ्यांची समजूत होती.

अण्णांना पुणतांब्याहून इथे आणून वर्ष होत आलं होतं. त्यांचं विसरणं आधी गमतीचं होतं. चष्मा डोळ्यांवर आणि शोधाशोध घरभर. मग एकदा गॅस चालू राहिला. मग ते गावी जायचं म्हणून निघाले आणि भलत्याच शहर बसमध्ये बसून नगरभर फिरले. हल्ली तर मध्येच पोटच्या पोरांनाही ‘पाव्हनं’ म्हणायचे. त्यांना खोटं पाडू नका, कलानं घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात कलानं घेणारी एकटी सविता होती आणि तिच्या कंबरेनं हात टेकले होते.

“महिना तुमच्याकडे, महिना आमच्याकडे ठेवू,” श्रीमंत म्हणाला.

“आपल्या दोन खोल्यांत?” मोनिका म्हणाली. “त्यापेक्षा त्या वृद्धांच्या संस्थेत पाठवू. त्यांच्या अटी काय आहेत ते तरी विचारा.”

गहिनीनाथ पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला करत राहिला. संस्थेला त्याचा होकार नव्हता, पण नकार द्यायचा तर सविताकडे बघायची हिंमत हवी होती.

आता अण्णांचं सांगायला हवं. शेती हा त्यांचा धंदा, पण जीव सोयरिकी जमवण्यात. बैठकीत ते मध्ये बसले की दोन्हीकडचे आवाज आपोआप खाली यायचे. त्यांनी जमवलेलं लग्न मोडलं, असं गोदावरीच्या अल्याड-पल्याड कुणी ऐकलेलं नाही. अशा माणसाला दाराच्या फटीतून समोरासमोर बसलेली माणसं दिसली, पोहे दिसले, लांब झालेले चेहरे दिसले आणि ‘ठेवू’, ‘पाठवू’, ‘अटी’ असे शब्द कानावर पडले. त्यांनी काय समजायचं होतं?

पांढरी टोपी घालून, कनवटीला चंची खोचून अण्णा बाहेर आले. प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी बरोबर मधोमध ओढली.

“राम राम, पाव्हनं. मला जरा उशीर झाला. मुलाकडचे कोन?”

“आम्ही,” सविता सवयीनं म्हणाली. त्यामुळे श्रीमंताला मुकाट्यानं मुलीकडचा व्हावं लागलं.

“पोरगी कुटं हाय?”

“आत आहे,” दारातून सायली म्हणाली. गहिनीनाथची ही मुलगी कॉलेजात होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

“तिला इचारलंय का?”

“नाही,” गहिनीनाथ पुटपुटला.

“मग तिच्या मागं काय ठरवताय? बोला, घोडं कुटं अडलंय?”

श्रीमंत वैतागला होता. नाटकच करायचं तर मुद्द्याचं करू, म्हणून त्यानं सरळ सांगून टाकलं. “महिना इकडं, महिना तिकडं राहावं, असं चाललंय.”

“मानूस हाय का कॅनॉलचं पानी, पाळीनं सोडायला?”

“मग एक चांगली जागा आहे,” मोनिका म्हणाली. “तिथं डॉक्टर आहेत, सगळी सोय आहे.”

“वळखीचं कोन हाय तिथं?”

“कुणी नाही.”

“मग सोय कुनाची?”

अण्णांनी चंची सोडली आणि पान काढलं.

“बरं, नांदवनार कोन?”

सगळ्यांनी सविताकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. तिचं नाव ते केव्हाच विसरले होते.

“ही एकटीच? बाय, तू उठताना भिंतीला हात लावतीस. रोज बघतो मी. हिला इसावा कोन देनार हाय का न्हाई?”

सविता पदरानं टीपॉय पुसू लागली. टीपॉय स्वच्छ होता.

मग अण्णांनी ठरवून टाकलं. पोरगी याच घरात नांदेल. दर पंधरवड्याला मुलीकडच्यांनी येऊन दोन दिवस राहायचं, सगळं बघायचं, आणि त्या दोन दिवसांत या बाईनं स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचं नाही. महिन्यातून एकदा पोरीला माहेरी न्यायचं, गोदावरीकाठी बसवून आणायचं. “हाय कबूल?”

“बघू,” श्रीमंत म्हणाला.

“बघू म्हंजे न्हाई. चार मानसं बोलवा साक्षीला. सुपारी फोडायचीय.”

सायलीनं शेजारच्या झुंबरबाईंना हाक मारली. झुंबरबाईंनी घरातली लग्नाची मुलगी पाहिली, बैठक पाहिली, सुपारीचं ऐकलं आणि पुढचं काही ऐकायच्या आत जिन्यावरून आवाज दिला. बत्ता सापडेपर्यंत हॉल भरला होता. सोसायटीचे चेअरमन बनियनवर शर्ट चढवत आले, वरच्या मजल्यावरून नारळ आला.

“मुलगा काय करतो?” चेअरमननी विचारलं.

“अहो, तसं नाही,” गहिनीनाथ म्हणाला.

“तू मधी बोलू नको. तू मुलाकडचा हायस,” अण्णांनी त्याला गप्प केलं. मग श्रीमंताकडे वळून म्हणाले, “हं, आता मोठ्यानं सांगा सगळ्यांना.”

एवढ्या माणसांत ‘बघू’ म्हणायची सोय नव्हती. श्रीमंतानं एकेक अट मोठ्यानं उच्चारली आणि प्रत्येकीपुढे ‘कबूल’ म्हटलं. अण्णांनी बत्ता हाणला, सुपारीचा एक तुकडा फ्रिजखाली गेला आणि चेअरमननी टाळ्या वाजवल्या. पुढे कितीतरी दिवस सायलीला जिन्यात सांगावं लागलं की लग्न तिचं नाही, आजोबांचं आहे.

माणसं पांगली तसे अण्णा उठले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

“चला. माझं काम झालं. आता मला पुनतांब्याच्या गाडीत बसवून द्या.”

अण्णा दाराकडे निघालेसुद्धा.

“असं कसं, अण्णा?” सविता म्हणाली. “पोरगी रुळेपर्यंत मध्यस्थानं मुलाच्या घरी राहायचं असतं.”

“आमच्याकडं न्हाई तसं.”

“आमच्याकडं आहे.”

असा रिवाज उभ्या महाराष्ट्रात कुठे नाही. पण मुलाकडच्यांचा रिवाज मोडणं अण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

पहिले एक-दोन पंधरवडे श्रीमंत आला तो लाजेकाजेनं, कारण गेटवर चेअरमन ‘आलात का मुलीकडचे?’ म्हणून विचारायचे. पुढे तो आपणहून येऊ लागला. अण्णांना आंघोळ घालायचा, त्यांची दाढी करायचा आणि त्यांच्या तोंडून स्वतःच्या लहानपणीच्या खोड्या तिऱ्हाइतासारख्या ऐकायचा. मोनिकाच्या भाकरी कडांना कच्च्या असायच्या. सविता त्या आयत्या ताटात मिटक्या मारत खायची आणि मनोमन सासऱ्यांचे उपकार मानायची.

अण्णा रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, “पोरगी रुळली का?” आणि सविता म्हणायची, “अजून थोडं, अण्णा.”

एका सकाळी त्यांनी विचारलंच नाही. सविताला चैन पडेना.

“आज पोरीची चौकशी नाही केली, अण्णा?”

“रुळली ती,” अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. “चांगल्या मानसांत पडली. तिची काळजी मिटली.” मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आता अडचन माझी हाय. मलाच हितनं जाऊ वाटंना. मुलाकडच्यांना तू इचारून बघशील का?”

सवितानं चहाचं भांडं खाली ठेवलं.

“मुलाकडचे कबूल आहेत, अण्णा.”

“असं न्हाई चालत,” अण्णा म्हणाले. “सुपारी आन.”